तेहतीस अनारसे आणि एक कपलिंग

अधिक महिना लागायच्या आदल्या शनिवारी सकाळी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये मी साडेसहा हजार रुपये रोख दिले. तिथे हजर माणसं तीन. मी, वर्कशॉपचे मालक आणि माझी बायको. ती खरं तर भाजीला निघाली होती आणि वाटेत माझ्यासोबत आत आली. पैसे एका कपलिंगचे. कपलिंग म्हणजे दोन जाड पोलादी चकत्या. त्या बोल्टांनी एकमेकींना आवळल्या की बोटीचं इंजिन आणि मागच्या पंख्याचा दांडा जोडला जातो.

बोट माझ्या मुलीची आणि जावयांची. शिडाची, छत्तीस फुटी. मंगळवार पेठेतल्या आमच्या घराची पुढची खोली आणि स्वयंपाकघर एकापुढे एक ठेवलं तर जेवढं होईल तेवढी. जावई मूळचे वारणानगरचे. वडील साखर कारखान्यात, घर कॉलनीत. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो दहावीच्या सहलीत, आणि तिथून थेट मर्चंट नेव्हीत गेले. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर. लग्नानंतर वर्षभरात दोघांनी नोकऱ्या सोडल्या, साठवलेलं सगळं घालून परदेशातल्या एका बंदरात ही जुनी बोट घेतली आणि ती चालवत भारताकडे निघाले. मी तेव्हाच विरोध केला होता. विरोध नोंदवून ठेवला आणि गप्प बसलो, कारण मुलगी तिशीची होती आणि पैसे तिचे होते.

परतीच्या वाटेवर पाणी आणि भाजी भरायला ते एका बेटावर थांबले आणि तिथे कपलिंग तडकलं. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे तिथल्या कचेरीबद्दल लिहायचं आहे. गाव लहान. एक रस्ता, एक बँक, एक धक्का. दुपारी जेवण झालं की सगळं गाव झोपतं. मुलगी फोनवर त्या शांततेचं कौतुक करायची. मागे माडांची रांग दिसायची आणि एक कुत्रं दिसायचं, ते कधी उठलेलं मी पाहिलं नाही.

त्या शांत गावात लोखंड कातायचं लेथ मशीन नव्हतं. कंपनीचं कपलिंग मागवायचं तर दीड महिना. इतका वेळ नव्हता. बेटाभोवती पाण्याखाली खडकांचं कडं आहे, त्यातून बाहेर पडायला एकच अरुंद वाट, आणि तिथून नुसत्या शिडावर जाणं म्हणजे बोट फोडून घेणं. राहण्याचा परवाना महिनाअखेर संपणार होता. त्याच सुमारास वाराही फिरतो, आणि एकदा फिरला की दिवाळीपर्यंत उत्तरेकडे येता येत नाही. महिनाअखेरच्या आत इंजिन सुरू झालं तर कोचीला बोट लावून रेल्वेने घरी. नाही झालं तर अर्धं वर्ष तिथेच. दोन वर्षं झाली होती मुलगी आमच्यासमोर बसून जेवलेली नव्हती. मला ती घरी हवी होती. बाकी सगळं त्यापुढे दुय्यम होतं.

मुलीने मापं पाठवली, ड्रॉइंग पाठवलं. वर्कशॉपच्या मालकांनी मोबाइलवरचं ड्रॉइंग मोठं करून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, हे काय विमानाचं हाय व्हय? चार दिवसांत घेऊन जावा."

चार दिवसांत दिलं. मी तिथल्या काट्यावर वजन केलं. बोल्टांसकट चार किलो दोनशे ग्रॅम. घरी आणून ग्रीस लावलं, तेलकट कागदात गुंडाळलं, खोक्यात घट्ट बसवलं. परदेशी पार्सलला आत काय आहे ते लिहून द्यावं लागतं. तो फॉर्म मी स्वतः भरला. यंत्राचा सुटा भाग, एक नग. खाली सही.

सोमवारी मला रजा नव्हती. मी बिद्रीकडच्या एका पतसंस्थेत हिशेब बघतो, आणि ऑडिटर येणार होते. म्हणून कुरिअरवाल्याकडे जायचं काम बायकोवर सोपवलं. सोबतीला माझी थोरली बहीण गेली. अक्का अधिकासाठी म्हणून गावाहून आमच्याकडे आठवडाभर आधीच आली होती.

संध्याकाळी घरी आल्यावर मी पावती मागितली. बायको म्हणाली, "चहा तर घ्या." पावती चहाच्या आधी बघायची माझी सवय तिला चौतीस वर्षं माहीत आहे. ती फ्रिजवरच्या डब्याखाली ठेवलेली सापडली. वजन, सहा किलो चारशे.

"कपलिंग सव्वाचार किलोचं. खोकं पाव किलोचं. वरचं दोन किलो काय आहे?"

बायकोने अक्काकडे पाहिलं. अक्का देवघरापुढे वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "वाण हाय."

"कसलं वाण?"

"अधिकाचं वाण. तेहतीस अनारसं आणि तांब्याचा दिवा. लग्नानंतरचा पयलाच अधिक हाय की जावयास्नी. पार्सल पोचंपर्यंत अधिक सुरू हुतोयच."

ही रीत ठाऊक नसलेल्या कुणी हे वाचलं तर सांगतो. तीन वर्षांनी अधिक महिना येतो, तेव्हा जावयाला जेवायला बोलावतात आणि अनारसे, दिवा असं वाण देतात. तेहतीस नग. जावई म्हणजे त्या महिन्यापुरता नारायण. माझी या प्रथेबद्दल काही तक्रार नाही. मीही सासुरवाडीत असे अनारसे खाल्ले आहेत. पण मी शिवून ठेवल्यासारखं बंद केलेलं खोकं माझ्या अंघोळीच्या वेळेत उघडायचं, त्यात डबा घालायचा, माझीच चिकटपट्टी वापरून परत बंद करायचं, आणि वर माझ्या सहीचा एक नग लिहिलेला फॉर्म तसाच चिकटवून द्यायचा?

"कुरिअरवाल्याला सांगितलंत?"

"सांगितलं की," बायको म्हणाली. "तो म्हणाला, खाऊ असंल तर लिहू नका वहिनी, उगंच लांबड लागतंय."

मी लगेच फोन लावला. पार्सल मुंबईच्या गाडीत गेलं होतं. "काय होत न्हाय पावणं," तो मला म्हणाला. "दुबईला तर रोज जातंय आपलं लाडू-चिवडा."

मी त्या रात्री जेवलो नाही. अक्का म्हणाली, "दोन किलोच्या भाड्यासाठी तोंड पाडून बसलायस व्हय? घे माझ्याकडनं." भाड्याचा प्रश्न नव्हता. कागदावर एक नग आणि खोक्यात पस्तीस, हा प्रश्न होता. पण हे घरात कुणालाही प्रश्न वाटला नाही. मुलीला फोन करून सांगितलं तर ती हसायला लागली. "आत्तीनं अनारसे पाठवले? या बेटावर?" मागून जावयांचा आवाज आला, "मामा, कपलिंग उशिरा आलं तरी चालेल!" सगळे हसले. मी हसलो नाही.

पार्सल आठ दिवसांत बेटावर पोचलं. नवव्या दिवशी मुलीचा फोन आला, आणि आवाजावरूनच मी उभा राहिलो.

"पप्पा, खसखस म्हणजे काय असतं माहीत आहे का तुम्हाला?"

"मसाल्यात घालतात. अनारशाला लावतात."

"अफूच्या बोंडातलं बी असतं."

त्या देशात खसखस ठेवणं, आणणं, विकणं, सगळ्याला बंदी. धक्क्यावरच्या जकात कचेरीत खोकं उघडलं, डबा उघडला, आणि तेहतीस गोल वस्तूंवर अफूचं बी चिकटवलेलं निघालं. वर कागद सांगतो की आत लोखंड आहे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही पार्सल अडवलं असतं. दोघांना बोलावून तीन तास बसवून ठेवलं. बोटीची झडती घेतली. जावयांच्या मसाल्याचा डबा न् डबा उघडून पाहिला. मारहाण नाही, आरडाओरडा नाही, मुलगी म्हणाली, उलट शहाळं दिलं प्यायला. तपासणीसाठी एक अनारसा मोठ्या बेटावरच्या प्रयोगशाळेत पाठवला. तिकडे जाणारी लाँच आठवड्यातून एकदा.

"आणि कपलिंग?"

"कपलिंग पण त्याच खोलीत कुलपात आहे. इथल्या जकात अधिकारी बाई म्हणतात, एक पार्सल म्हणजे एक पार्सल. निकाल लागेपर्यंत त्यातलं काहीच हलणार नाही."

"त्यांना सांग ना, महिनाअखेर..."

"सांगितलं पप्पा. त्या म्हणाल्या, इथं कुणी घाई करत नाही."

फोन ठेवला आणि मी अक्काला बोललो. काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. मोठ्या बहिणीला असं कुणी बोलत नाही. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "ओरडालायस कशाला? खसखशीनं कुणाला कधी काय झालंय? तुझ्या बाळंतपणात आईला खसखशीची खीर घालत हुते."

"अक्का, तिथं बंदी आहे!"

"मग ते त्यांचं चुकलं."

बायको मध्ये पडली. "वन्सं, असू दे. अहो, तुम्ही पण जरा हळू. शेजारी ऐकालेत."

"ऐकू देत. मुलीला पोलिसांत बसवलं हे पण ऐकू देत."

दुसऱ्या दिवशी त्या कचेरीचं पत्र ईमेलने आलं. पत्र साधं आणि सभ्य होतं, त्यामुळे आणखीच वाईट वाटलं. पार्सल पाठवणाऱ्याने खोटी माहिती लिहून दिली आहे. पाठवणारा म्हणजे मी. माझं नाव, माझी सही. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे हिशेब तपासतो, माझ्या एकाही पानावर कधी शेरा पडलेला नाही, आणि आता कुठल्यातरी बेटावरच्या फायलीत मी खोटं लिहून देणारा माणूस. पुढे लिहिलं होतं की आतल्या वस्तू खाण्याच्या असतील तर सामान कुठून घेतलं त्याचं बिल, आणि ज्या व्यक्तीने त्या खोक्यात ठेवल्या तिचं प्रतिज्ञापत्र पाठवावं. ते वेळेत मिळालं तर सुटा भाग वेगळा करून देण्याचा विचार करू.

वेळेत. महिना संपायला अकरा दिवस होते.

मी आमच्या पेठेतल्या किराणा दुकानात गेलो. मालक माझ्याबरोबर शाळेत होता.

"खसखशीचं बिल पाहिजे. अक्का घेऊन गेलती ते."

"पन्नास गिरामचं बिल?" तो मोठ्याने हसला. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "लेका, चाळीस वर्षात तुझ्या बानं न्हाय मागितलं बिल."

"लिहून दे. शिक्का मार."

"शिक्का पोरगं घेऊन गेलंय रं कुठं. उद्या ये की."

"आत्ता दे."

माझा चेहरा बघून त्याने पोराला हाक मारून शिक्का मागवला आणि बिल लिहिलं. त्यावर तारीख चुकीची घातली. मी ती दुरुस्त करायला लावली आणि दुरुस्तीवर पुन्हा सही घेतली. तो म्हणाला, "तुझ्या घरात अनारसं खाल्लं की माणसाला तुरुंग हाय व्हय रं?" मी नुसता बिलासाठी हात पुढे केला. बोललो असतो तर भांडण झालं असतं, आणि मला शिक्का हवा होता.

प्रतिज्ञापत्र त्याहून अवघड गेलं. कोर्टाजवळच्या नोटरीने इंग्रजीत मसुदा केला आणि अक्काला मराठीत समजावून सांगितला. ही वस्तू मी केली, मी खोक्यात ठेवली, भावाला माहीत नव्हतं, ही माझी चूक आहे आणि त्याबद्दल मला खेद आहे.

अक्का म्हणाली, "चूक काढा."

"काय?" नोटरी.

"मी केलं, मी घातलं, भावाला ठाऊक न्हवतं. हे खरं हाय, लिवा. चूक न्हाय केलेली मी. जावयाला वाण दिलं. त्यात चूक कसली?"

"आजी, ते कागदापुरतं असतं."

"कागदापुरतं खोटं लिवायचं का मग? ह्यानंच सांगितलंय मला, कागदावर खोटं लिवायचं न्हाय. आठ दिवस झालं त्यावरच बोंबलालाय."

नोटरी माझ्याकडे बघायला लागला. बाकावर बसलेले दोघं पक्षकार कान देऊन ऐकत होते. एक म्हणाला, "आजीचं बरोबर हाय की."

मला त्या क्षणी त्याचाही राग आला, नोटरीचाही, आणि सगळ्यात जास्त अक्काचा. त्या बेटावर कुलपाआड चार किलो पोलाद पडलं होतं, पोरगी रोज धक्क्यावर जाऊन विचारत होती, आणि इथे सत्तरीची बाई एका ओळीसाठी अडून बसली होती. मी म्हणालो, "अक्का, तुला पोरगी घरी यायला पाहिजे का नको?"

"पाहिजे की. म्हणून तर पाठवलं. नुसतं लोखंड पाठवतंय व्हय कुणी आपल्या माणसाला?"

अर्धा तास गेला. शेवटी नोटरीनेच तोड काढली. चूक आणि खेद दोन्ही काढले, त्याऐवजी लिहिलं की त्या देशातल्या बंदीची मला माहिती नव्हती आणि माहिती असती तर मी खसखस लावली नसती. अक्काने दोनदा वाचून घेतलं.

"साखर लावली असती," ती म्हणाली. "तेपण लिवा."

ते लिहिलं नाही. तिने सही केली, मोठ्या मोठ्या अक्षरात, ओळीच्या बाहेर जाणारी.

कागद त्याच संध्याकाळी पाठवले. बेटावरच्या बाईंनी पोच दिली. मग त्यांच्याकडे दोन सुट्ट्या आल्या. मग लाँच वाऱ्यामुळे एक दिवस उशिरा आली. मग प्रयोगशाळेतला माणूस रजेवर. मी रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी फोन करायचो आणि रोज मुलगी सांगायची, आज नाही, उद्या म्हणालेत. तिच्या मागे तेच माड, तेच झोपलेलं कुत्रं. मला त्या गावाच्या शांततेची चीड यायला लागली. आमच्या पेठेत एखादं काम अडलं तर माणूस दहा जणांना शिव्या देतो, चार जण मध्ये पडतात, आणि काम होतं तरी किंवा का होत नाही ते कळतं तरी. तिथे सगळे हसून उद्या म्हणत होते. एकदा मी मुलीला म्हणालो, "तू जरा आवाज चढव." ती म्हणाली, "पप्पा, आवाज चढवला तर ते खिडकी बंद करून जेवायला जातात."

परवाना संपायच्या दोन दिवस आधी वारा फिरला. जावयांनी फोन केला. ते एरवी गमतीने बोलतात, त्या दिवशी साधं बोलले. "मामा, आता कपलिंग मिळालं तरी निघता येणार नाही. आम्ही राहण्याचा अर्ज दिलाय. सहा महिन्यांचा."

बायको पदर तोंडाला लावून आत गेली. अक्का तिथेच बसली होती. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर चार दिवसांनी निकाल आला. नमुना खाण्याचा पदार्थ, मादक द्रव्याचा अंश नगण्य. कपलिंग सोडलं. मुलीने त्याच दुपारी बसवलं. "पप्पा, उद्यमनगरला सांगा, केसभर फरक नाही. पहिल्या झटक्यात इंजिन लागलं." ती आनंदाने सांगत होती. मला ते ऐकवेना. तेच इंजिन चार-सहा दिवस आधी लागलं असतं तर ती आता कोचीच्या वाटेवर असती. आता ते इंजिन काय करणार होतं? धक्क्यावरून बोट दहा हात पुढे, दहा हात मागे.

अनारसे मात्र कायद्याप्रमाणे नष्ट करायचे होते, आणि पार्सल ज्याच्या नावचं त्याच्या समक्ष. जावई गेले. कचेरीच्या मागच्या अंगणात एका पिंपात जाळ केला होता. अधिकाऱ्यांनी मोजून बत्तीस टाकले, एक आधीच प्रयोगशाळेत गेला होता, आणि जावयांची सही घेतली. "मामा, तुपाचा असा वास सुटला की आतली सगळी माणसं बाहेर आली. त्या बाई म्हणाल्या, हे बनवणाऱ्या बाईंना सांगा, वाईट वाटतंय."

मी हे अक्काला सांगितलं नाही. बायकोने सांगितलं.

अक्काने विचारलं, "पावण्यांनी एक तरी खाल्ला का न्हाय?"

"नाही हो वन्सं, कसा खाणार?"

अक्काने निरांजनातली वात पुढे सारली. मग म्हणाली, "अग्नीत पडलं ना? मग पोचलं वाण."

मी तेव्हा पायात चपला घालून बाहेर पडलो आणि बराच वेळ फिरत राहिलो. कोण भेटलं त्याच्याशी नीट बोललो नाही. परत आलो तेव्हा अक्काची पिशवी भरलेली होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गावी गेली. जाताना बायकोला म्हणाली, "तांब्याचा दिवा तरी दिला का त्यांनी पोरीला, ते इचार."

दिला होता. बोटीत लावलाय, असं मुलगी म्हणाली. ती आता त्या गावात लोकांचे पाण्याचे पंप दुरुस्त करते आणि जावई मासेमारांबरोबर जातात. दिवाळीनंतर निघू म्हणतात. मी तारीख लिहून घेतलेली नाही.

चुकीची माहिती लिहून दिल्याबद्दल दंड, पार्सल कुलपात ठेवल्याचं खोलीभाडं आणि तपासणीचा खर्च मिळून त्या बेटाच्या जकात कचेरीने जो आकडा कळवला, त्याचे बँकेच्या कमिशनसह एक्केचाळीस हजार सातशे साठ रुपये झाले. दंड माझ्या नावाने होता, म्हणून तो मी माझ्या खात्यातून त्या कचेरीच्या खात्यात भरला. कुरिअरवाल्याने एक रुपया परत दिला नाही. अक्काकडे मी मागितला नाही, आणि तिनेही देऊ केला नाही.